झुलीवरचं फूल फुगतं कसं?

पोळ्याच्या दिवशी वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावात सगळ्यात नटलेलं कोण असेल, तर बैल! शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि पाठीवर झूल. बाजारात हल्ली मखमलीच्या झुली भरपूर दिसतात, त्यांवर मशीनचं भरतकाम. एखाद्या फुलावरून बोट फिरवा. वरून एकच फूल दिसतं, पण आत थरावर थर असतात.

आधी कापडाचीच गंमत. मखमल बहुतेक वेळा मागावर जुळी जन्मते. वर एक कापड, खाली एक कापड आणि मधे दोघांना जोडणारे धागे. विणकाम चालू असतानाच मधून पातं फिरतं, धागे कापले जातात आणि दोन मखमली सुट्या होतात. त्या कापलेल्या टोकांची होते लव. लवेला दिशा असते. एकीकडून हात फिरवला तर रंग उजळ, उलटा फिरवला तर गडद. म्हणून झुलीचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे, नाहीतर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं.

लव टाका गिळते!

खरी झटापट इथे आहे. सुती कापडावर झकास उमटलेलं डिझाइन तसंच्या तसं मखमलीवर घेतलं, की बारीक रेघा गायब आणि अक्षरांची पोटं बुजलेली. कारागीर त्यावर भरताआधीच बंदोबस्त करतात. कापडाच्याच रंगाच्या धाग्याने आधी एक विरळ जाळी मारायची, म्हणजे लव आडवी होऊन दबून राहते आणि जाळी नजरेला दिसतही नाही. वर पातळ पारदर्शक फिल्म अंथरायची. ही फिल्म पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या साबणाच्या कॅप्सूलचं आवरणही त्याचंच. टर्किश टॉवेलवरची फिल्म पाण्यात विरघळवून टाकतात, मखमलीवरची मात्र हलक्या हाताने फाडून काढतात, कारण पाण्याचे डाग मखमलीला सोसत नाहीत. त्यानंतर अंडरले, म्हणजे पायाचे टाके. आणि मग कुठे आपल्याला दिसणारा चकचकीत सॅटिन टाका! वरचं काम कितीही देखणं असो, पाया कच्चा असेल तर फूल दोन दिवसांत बसतं. माझ्या मते या कामातला खरा कारागीर अंडरलेवरूनच ओळखावा.

मखमल फ्रेममध्ये आवळायचीही नाही. आवळली की गोल वळ उठतो आणि तो सहसा जात नाही. म्हणून फ्रेममध्ये फक्त खालचा बॅकिंग पेपर ताणतात आणि मखमल त्याच्यावर चिकटवतात.

मग फूल फुगतं कशाने? फोमने. साधारण २-३ मिलिमीटर जाडीचा फोम डिझाइनवर ठेवतात आणि त्यावरून दाट सॅटिन भरतात. सुई कडेकडेने इतकी भोकं पाडते, की बाहेरचा फोम टपाल तिकिटासारखा फाटून हातात येतो. फोम धाग्याच्याच रंगाचा हवा, नाहीतर कडेला पांढरी किनार डोकावते. टोपीवरची उठावदार अक्षरंही अशीच तयार होतात.

मशीनला रंग कळतात का? मुळीच नाही. डिझाइन मशीनला फाइलमधून मिळतं आणि सगळ्यात जास्त चालणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये रंगच नसतात. फ्रेम किती सरकवायची आणि कुठे थांबायचं, एवढंच मशीनला ठाऊक. एका उडीची मर्यादाही ठरलेली, १२.१ मिलिमीटर. कुठल्या सुईला कुठला धागा ओवायचा, ते माणसानेच बघायचं. चूक झाली तर मशीन हिरवागार नंदीही तितक्याच निष्ठेने भरून देईल.

या मशीनचे पूर्वज जुने आहेत. फ्रान्समधल्या मुलूझच्या जोसुए हाइलमान यांनी १८२८ मध्ये भरतकामाचं यंत्र बनवलं. त्याच्या सुईला दोन्हीकडे टोक आणि नेढं मधोमध! १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबली यांनी शिवणयंत्रावरून कल्पना घेऊन दोन धाग्यांचं मोठं भरतयंत्र उभं केलं. पुढे त्यांच्या मुलाने ते भोकं पाडलेल्या कार्डांवर चालवलं.

पण थरांच्या कामासाठी आसेगावकरांनी स्वित्झर्लंडकडे कशाला बघायचं? याच जिल्ह्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. फेटिया (घागरा) आणि कांचळीवर (चोळीवर) कापडाचे तुकडे, आरसे, कवड्या, नाणी, गोंडे यांचे थर चढवणाऱ्या बाया या कलेतल्या सगळ्यांच्या आधीच्या उस्ताद! कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात. तिथल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि जुलै २०२३ मध्ये हंपीला अशा १,७५५ वस्तू मांडून जागतिक विक्रम झाला. पोहरादेवीतही ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

आणि एक गोष्ट मशीनला आजही जड जाते: काचेचा आरसा. प्लास्टिकच्या टिकलीला भोक असतं, सुई त्यातून जाते. आरशाला भोक नाही. त्याला चहूबाजूंनी धाग्याच्या जाळ्यात अडकवावं लागतं आणि ते काम हाताचंच. माझी पसंती विचाराल तर मधलं फूल मशीनचं आणि किनार आरसे-कवड्यांची, हाताने भरलेली. अशी झूल दिसली की पैशाकडे बघू नये.

विकत घेताना मात्र झूल उलटी करून बघा. सॅटिनच्या पट्टीमागे मधल्या साधारण एक तृतीयांश भागात खालचा बॉबिनचा धागा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत धागा दिसला, तर ताण बरोबर बसलाय. मागे धाग्यांचा गुंता झालेला असेल, तर दुसरी दाखवा म्हणा.