हवा सोडली की गाडी थांबते

निरवांगीहून मुंबईस निघालेल्या माणसाचा पुण्यापुढे डोळा लागला, तर बोरघाट केव्हा उतरला हे त्यास कळतही नाही. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. उतार कोठे कोठे सदतीस फुटांस एक फूट! परवा नातवाच्या संगणकावरील आगगाडीच्या खेळात असाच एक उतार आम्ही उतरू लागलो आणि गाडी हातची घालवली.

आमची समजूत अशी, की ब्रेक लावायचा म्हणजे हवा भरायची. प्रकार नेमका उलटा आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. तीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाबाची हवा असते, तोवर ब्रेक सुटलेले. ड्रायव्हर हवा सोडतो, दाब उतरतो, आणि प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक आवळते. गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटते, आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ही युक्ती १८७२ साली काढली. आम्ही मात्र घटकेत ब्रेक लावी, घटकेत सोडी. टाक्यांना पुन्हा भरायला उसंतच मिळाली नाही. शेवटी आवळायला हवाच उरली नाही.

बोरघाटात अशा गाडीसाठी कॅच सायडिंग आहे, म्हणजे चढावर जाऊन संपणारा फाटा. रुळांचे सांधे मुळातच त्याच्याकडे वळवलेले असतात. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली, तरच मुख्य मार्ग मिळतो. निसटलेली गाडी फाट्याच्या चढावर दमते.

आमच्या खेळात फाटा नव्हता. नातू म्हणाला, "आजोबा, पुन्हा सुरू करा."