पुस्तिका-यंत्राची खरेदी : वेगाआधी हिशेब

डिजिटल छपाईच्या दुकानात २४ पानी पुस्तिकेच्या १०० प्रती साधारण अर्ध्या तासात छापून होतात. खरा वेळ लागतो तो त्यानंतर. घडी, मधोमध पिना आणि कडांचे कटिंग ही कामे हाताने करताना दोन माणसांची दुपार सहज सरते. शाळांची माहितीपत्रके, संस्थांचे अहवाल, चातुर्मासातील स्तोत्र-पुस्तिका अशी कामे एकदम आली, की दुकानदाराच्या मनात पुस्तिका-यंत्राचा विचार घोळू लागतो. विचार योग्यच आहे. मात्र घरचे भांडवल आणि बँकेचे कर्ज त्यात गुंतवण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर मांडून पाहणे हिताचे असते.

आपले काम ओळखावे

गेल्या वर्षाच्या बिलांवरून प्रत्येक कामाच्या प्रती, पाने, आकार व कागद यांचा तक्ता करावा. डिजिटल छपाईची कामे बहुधा लहान असतात आणि निवडीचे मर्म येथेच आहे. समजा, एक यंत्र तासाला १,००० पुस्तिका करते आणि दुसरे २,०००. शंभर प्रतींच्या कामास पहिल्यावर ६ मिनिटे लागतील, दुसऱ्यावर ३. म्हणजे दुप्पट वेगाने वाचली ती अवघी ३ मिनिटे! परंतु ए-५ वरून ए-४ आकारावर जाताना यंत्र जुळवण्यास २० मिनिटे लागत असतील, तर दिवसभरातील चार-पाच कामांत दीड तास त्यातच खर्ची पडेल. म्हणून ताशी वेगाआधी आकार बदलण्यास लागणारा वेळ विचारावा.

कागदाचा स्वभाव

यंत्राची पानांची क्षमता बहुधा ७०-८० जीएसएमच्या साध्या कागदावर सांगितलेली असते. जाड आर्ट पेपरवर ती घटते. ८० जीएसएमचे २० कागद, म्हणजे ८० पाने, एकत्र दुमडली की सर्वांत आतील पान बाहेरच्या पानापेक्षा सुमारे २ मिलिमीटर पुढे येते. त्यामुळे पिना मारल्यावर पुढची कडा कापणे ओघानेच येते. ही सोय यंत्रात नसेल, तर चांगला कटर आपल्याकडे असायलाच हवा.

मुखपृष्ठाची अडचण वेगळी. टोनर कागदात मुरत नाही, पृष्ठभागावर थर होऊन बसतो. २५०-३०० जीएसएमचे गडद रंगाचे कव्हर सरळ दुमडले, तर घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ दिसते. आधी क्रीजिंग केले, तर हा दोष बराच टळतो. क्रीजिंगचे यंत्र लग्नपत्रिका, मेन्यूकार्ड, फोल्डर यांनाही उपयोगी पडते. म्हणून लहान दुकानाने कटर, मग क्रीजर आणि त्यानंतर पुस्तिका-यंत्र असा क्रम ठेवावा, असे सुचवावेसे वाटते.

छपाईयंत्राला जोडलेला फिनिशर जागा व मजुरी वाचवतो. परंतु तो अडकला की छपाईही थांबू शकते. स्वतंत्र यंत्रास माणूस लागतो, पण छपाई अखंड चालते आणि बाहेरून छापून आलेले कामही घेता येते.

बँकेच्या चष्म्यातून

कर्जप्रस्ताव तपासताना मी नेहमी एक प्रश्न विचारत असे : हे काम आज बाहेर किती रुपयांत होते? समजा, बाइंडर एका पुस्तिकेचे ३ रुपये घेतो आणि आपल्याकडे पिना, वीज व मजुरी धरून १ रुपया पडेल. बचत २ रुपये. यंत्र ३ लाखांचे असेल, तर किंमत वसूल होण्यास दीड लाख पुस्तिका हव्यात. महिन्याला ७,५०० पुस्तिका असतील, तर २० महिने पुरतील. १,२५० असतील, तर १० वर्षे लागतील. त्यावर व्याज आणि दुरुस्ती वेगळीच. हप्ता दरमहा येतो, हंगाम मात्र दरमहा येत नाही. म्हणून हिशेब मंदीच्या महिन्यांवरच करावा.

जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतल्यास कराच्या तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास तर हे क्रेडिटच नाही. त्याने करासह किंमत धरावी.

सौद्यापूर्वी

प्रात्यक्षिकास आपलाच कागद व आपलेच काम न्यावे. निदान २०० प्रती काढून पहिली आणि शेवटची प्रत शेजारी ठेवावी. पिना नेमक्या घडीवर बसल्या आहेत का, ते पाहावे. अडकलेला कागद आपल्या कामगाराने स्वतः काढून पाहावा. पिना बाजारात सहज मिळतात, की एकाच विक्रेत्याकडून घ्याव्या लागतात, आणि दुरुस्तीस माणूस कोठून येतो, याची खात्री करावी. हे यंत्र आधी घेतलेल्या एखाद्या दुकानदारास, विक्रेता सोबत नसताना, भेटावे.

आकडे जुळत नसतील, तर काम काही काळ बाइंडरकडेच देत राहावे. त्यात कमीपणा नाही. हातातील भांडवल मोकळे राहते, आणि वर्षभराने हाच तक्ता पुन्हा मांडून निर्णय घेता येतो.