डिजिटल स्वाक्षरी आणि ब्राउझरची वेस

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीचे जीएसटी विवरणपत्र भरताना कर सल्लागाराचे बहुतेक काम ब्राउझरमध्येच होते. मात्र अखेरीस जी डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे व्यवहारातील ‘डीएससी’, जोडावी लागते, तिची गुप्त किल्ली संगणकाला लावलेल्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिथपर्यंत संकेतस्थळाचा हात पोहोचत नाही. कोणत्याही परक्या संकेतस्थळाला संगणकातील फायली व उपकरणे हाताळता येऊ नयेत, यासाठी ब्राउझर त्याला स्वतःच्या वेशीबाहेर पडू देत नाही. ही मर्यादा आवश्यकच आहे. त्यामुळे स्वाक्षरीसाठी संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि वेबपानावरून त्याला साद घालण्याचा मार्ग शोधावा लागतो.

२००१ साली आलेल्या ‘जावा वेब स्टार्ट’ने हा मार्ग लिंकमधूनच काढला होता. लिंकवर क्लिक केल्यावर एक छोटी मजकूर-फाईल उतरत असे. सॉफ्टवेअर कोठून आणायचे आणि त्याला जावाची कोणती आवृत्ती लागते हे तीत नमूद असे, व त्यानुसार संगणकावरील जावा ते सॉफ्टवेअर उतरवून घेऊन चालवत असे. ब्राउझरच्या आतच चालणारी जावा ॲप्लेट्स क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद पाडली, तर वेब स्टार्ट २०१८ च्या जावा ११ मधून वगळण्यात आले.

आज दोन पद्धती प्रामुख्याने दिसतात. पहिलीत सॉफ्टवेअर बसवतानाच ते विंडोजकडे स्वतःचे एक नाव नोंदवते, आणि त्या नावाने सुरू होणारी लिंक आली की ‘हे ॲप उघडायचे का?’ असे ब्राउझर विचारतो. टाळेबंदीत घरोघरी पोहोचलेल्या झूमची लिंक अशीच उघडते. दुसरीत, जीएसटी पोर्टलसाठी लागणाऱ्या ‘एमसायनर’प्रमाणे, सॉफ्टवेअर आधीच सुरू करून ठेवावे लागते, ते संगणकाच्या स्वतःपुरत्या अंतर्गत पत्त्यावर कान देऊन बसते, वेबपान त्याच पत्त्यावर त्याच्याशी बोलते आणि टोकनचा पासवर्ड दिल्यावर स्वाक्षरी उमटते. एमसायनर सुरू नसेल, तर पोर्टलवर सर्व काही बिनचूक भरूनही काम तिथेच अडते.

या दोहोंत पहिली पद्धत अधिक प्रामाणिक आहे, कारण तीत निर्णय माणसाकडे राहतो. अंतर्गत पत्त्यावर ऐकत बसणारे सॉफ्टवेअर निष्काळजीपणे लिहिले गेले, तर ते कोणत्याही संकेतस्थळाचे ऐकू शकते. २०१९ मध्ये झूमच्या मॅक आवृत्तीत नेमके हेच उघडकीस आले: ब्राउझरचा प्रश्न टाळण्यासाठी तिने एक छुपा सर्व्हर बसवला होता, त्यामुळे एखादे पान उघडताच वापरणारा कॅमेऱ्यासह बैठकीत ओढला जाऊ शकत होता, आणि झूम काढून टाकल्यावरही तो सर्व्हर मागे उरत असे, अखेर ॲपललाच तो हटवावा लागला.

स्वाक्षरीच्या बाबतीत धोका कॅमेऱ्याहून मोठा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षराइतकीच मान्यता असल्याने तिची जबाबदारी संचालकावर येते, आणि तरीही त्याचे टोकन अनेकदा सल्लागाराच्या खणात असते. म्हणून स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर पोर्टलवरूनच उतरवावे, काम होताच टोकन काढून ठेवावे आणि परवानगीच्या चौकटीत मागणाऱ्या संकेतस्थळाचे नाव वाचल्याखेरीज ‘नेहमी परवानगी द्या’ या पर्यायावर खूण करू नये.