चित्रवहीतला ढालकिडा

बंगालमधील बीरभूम जिल्ह्याची लाल, मुरमाड जमीन शेतीला फारशी उदार नाही. याच जमिनीवर रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनची शाळा सुरू केली आणि वर्ग झाडांच्या सावलीत भरू लागले. १९१९ मध्ये कलाभवन आले. पुढे नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थी जिवंत झाड, पक्षी, बैल यांसमोर बसून रेखाटने करू लागले. आलेखन आणि आलेखित वस्तू यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाचे चित्र नसावे, एवढाच या पद्धतीचा मथितार्थ. शेजारच्या श्रीनिकेतनात १९२२ पासून ग्रामपुनर्रचनेचे काम लिओनार्ड एल्महर्स्ट या कृषिशास्त्र शिकलेल्या तरुणाच्या साहाय्याने उभे राहिले. वृक्षारोपण आणि हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव, १९२८ पासून साजरे होऊ लागले. नंदलालांनी हलकर्षणाचे भित्तिचित्रही रंगविले. कला आणि शेती यांच्यात तेथे कुंपण नव्हते. (तांदळाच्या पिठाची अल्पना मुंग्या कुरतडून नेतात, ही कीटकशास्त्रज्ञाला त्या कलेची उणीव मुळीच वाटत नाही.)

कृषी विस्ताराच्या दृष्टीने या परंपरेतील मोलाची गोष्ट सौंदर्यापेक्षा निरीक्षणाची आहे. मुलाला ‘कीटक काढ’ म्हटले, की तो शरीरभर पाय काढतो. प्रत्यक्ष कीटक समोर ठेवून काढू लागला, की सहाही पाय वक्षालाच जोडलेले आहेत, उदराला नाहीत, हे त्याच्या ध्यानी येते. कोळ्याचे पाय मोजले, की ते आठ निघतात. मग कोळी हा कीटक नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याचा खरा उपयोग ढालकिड्याच्या बाबतीत होतो. लाल, ठिपकेदार प्रौढ किडा सर्वांना ठाऊक असतो, पण त्याची अळी काळपट, काटेरी आणि मगरीसारखी लांबट असते. मावा फस्त करणारी ही मित्र अळी अनेकदा शत्रू समजून चिरडली जाते, तिच्यासाठी फवाराही काढला जातो. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चारही अवस्था ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कागदावर उतरविल्या, त्याची अशी गल्लत सहसा होत नाही. २०१८ मध्ये भारतात आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीचेही तसेच. मोठ्या अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराची खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके भित्तिपत्रकावर पाहून विसरले जातात, चित्र काढणाऱ्याच्या मात्र स्मरणात राहतात.

विस्तारशास्त्राने हे तत्त्व केव्हाच स्वीकारले आहे. भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांना भातावर बंदी घातली आणि १९८९ मध्ये तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांचा गाभा म्हणजे कृषी परिसंस्था विश्लेषण. सकाळी गट शेतात जातो, झाडे तपासतो, बांधावर परततो आणि मोठ्या कागदावर खडूने चित्र काढतो: मध्ये पिकाचे झाड, एका बाजूस किडी, दुसऱ्या बाजूस मित्रकीटक, वर ऊन किंवा ढग. फवारणीचा निर्णय या चित्रासमोर चर्चा करून होतो. भारतातील शेतीशाळांतही हीच रीत आहे, परंतु घाईत छापील तक्त्यावर आकडे भरून काम उरकले जाते. आकडे हवेतच, पण आकडा लिहिणाऱ्याला किडीचे तोंड पाहावे लागत नाही.

शालेय मुलांसाठी याच पद्धतीचा वर्ग भरवायला बांधावरचा एक तास पुरतो. सोबत पांढरा कागद, पेन्सिल, भिंग आणि पारदर्शक झाकणाची डबी असावी. रंगासाठी हळद, पालापाचोळा व शेतातील माती चालते. कीटक मारू नये. डबीतून पाहून, चित्र काढून सोडून द्यावा. त्याचे नाव आरंभी सांगू नये, मुलांनी वर्णन केल्यावर सांगावे. चित्र सुबक नसले तरी चालेल, पायांची संख्या मात्र तपासावी. कागदावर तारीख, पीक आणि पिकाचे वय लिहून घ्यावे. आठवड्यागणिक जमलेले कागद हंगामअखेर दोरीवर ओळीने टांगले, की मावा कधी वाढला आणि त्यामागोमाग ढालकिड्याच्या अळ्या किती दिवसांनी आल्या, हे शेतकरी पालकांनाही दिसते.