दुपटं सैल, पाय मोकळे

पनवेलजवळच्या खांदेश्वर स्टेशनच्या आसपासच्या इमारतींत कुणाच्या घरी बाळ आलंय हे गॅलरीतल्या दोरीवरून कळतं. लंगोटांची रांग, दोन-चार झबली आणि जुन्या सुती साड्या फाडून केलेली दुपटी. ही दुपटी बहुधा गावाहून आलेली असतात. डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर आजी तीही घेऊन येते, कारण वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या कापडाची सर दुकानातल्या नव्या कापडाला येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. घरात कुरबुर होते ती दुपट्यावरून नाही, ते किती आवळायचं यावरून. आजी म्हणते, घट्ट बांधलं की बाळ शांत झोपतं आणि हातपाय सरळ होतात. माझ्या मते तिचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. दुसरं मात्र साफ चूक आहे आणि ती चूक बाळाच्या खुब्याला महागात पडू शकते.

बाळ शांत का झोपतं, ते आधी पाहू. नवजात बाळ झोपेत एकाएकी दचकतं, दोन्ही हात बाजूला फेकतं, बोटं फाकवतं आणि मग हात छातीशी ओढून रडायला लागतं. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात तिला त्यांचंच नाव आहे. ही क्रिया निरोगी बाळात असतेच आणि साधारण चार ते सहा महिन्यांत मावळते. तोवर स्वतःच्याच हातांनी बाळाची झोपमोड होते. हातांभोवती कापडाचा हलका वेढा असला की ते कमी दचकतं आणि जास्त वेळ झोपतं. बाळंतिणीच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता सकाळची अंघोळ आठवा. मालिशवाली मावशी पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर घेते, तेल चोळते, कोमट पाण्याचे तांबे ओतते. मग ओवा-वावडिंगाची धुरी. (ती बंद करा. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांना चांगला नाही, मग तो ओव्याचा असो की उदबत्तीचा.) त्यानंतर मावशी दुपटं पसरते, बाळाचे दोन्ही पाय एका मुठीत धरून खाली ओढते, गुडघे जुळवते आणि छातीपासून घोट्यांपर्यंत आवळत नेते. बाळ गाठोड्यासारखं दिसतं, दोन-तीन तास उठत नाही आणि घरातले सगळे मावशीच्या हाताचं कौतुक करतात. मावशीची माया खरी आहे, तिचा हातही सराईत आहे. खटकतो तो पाय ओढून सरळ करण्याचा क्षण.

पोटात असताना बाळाचे पाय खुब्यात आणि गुडघ्यात दुमडलेले असतात. जन्मानंतरही काही महिने त्यांची स्वाभाविक ठेवण तशीच असते, बेडकासारखी वाकलेली आणि बाहेर फाकलेली. खुब्याची खोबण या वयात उथळ आणि कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट टेकून राहिला तर ती हळूहळू खोल होते. पाय सरळ करून जुळवून बांधले की तो माथा खोबणीच्या कडेकडे ढकलला जातो, आणि रोज तासन्तास असंच झालं तर सांधा निखळू शकतो.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ करून गुंडाळण्याची जुनी रीत होती. तिथे १९७५ च्या सुमारास देशभर मोहीम निघाली आणि आज्यांना व आयांना सांगितलं गेलं की बाळाचे खुबे आणि गुडघे ताणू नका. त्याआधी दर शंभर बाळांत एक ते साडेतीन बाळांचा खुबा निखळलेला आढळे. मोहिमेनंतर ते प्रमाण ०.२ टक्क्यांच्याही खाली आलं. ना औषध, ना शस्त्रक्रिया, बदलली ती फक्त कापड बांधायची पद्धत. आपल्याकडे बाळ मान धरायला लागलं की त्याला कडेवर घेतात, तेव्हा त्याचे पाय आपोआप फाकतात आणि खुब्याला हवी तशी बैठक मिळते. ही आपल्या घरांची मोठी देणगी आहे. पण कडेवर येईपर्यंतचे पहिले तीन महिनेच सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमके तेच आपण आवळून घालवतो.

बाळ पायाळू असेल, मुलगी असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा असा त्रास झालेला असेल, तर जास्त लक्ष द्यावं. पायाळू बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी साधारण सहाव्या आठवड्यात करून घ्यायला डॉक्टर सांगतात. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी फाकते आहे, एक पाय आखूड वाटतो आहे किंवा मांड्यांच्या वळ्या दोन बाजूंना वेगळ्या आहेत असं दिसलं, तर चालायला लागेपर्यंत थांबू नये. लवकर लक्षात आलं तर पट्ट्यांच्या मऊ आधारानं सांधा जागेवर येतो.

मग बांधायचं कसं? एकेरी सुती दुपटं पसरा, वरचा कोपरा आत दुमडा. बाळाला उताणं ठेवा, खांदे त्या दुमडलेल्या कडेच्या पातळीवर येऊ द्या. हात ताणून अंगालगत खाली नेऊ नका, कोपरात वाकलेले छातीवरच असू द्या, म्हणजे भूक लागली की बाळ मूठ तोंडाकडे नेईल आणि आईला ते कळेल. एक बाजू छातीवरून घेऊन पाठीखाली सरकवा, मग दुसरी. छाती आणि कापड यांच्यात तुमची दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत, कारण बाळ श्वास घेतं तेव्हा त्याचं पोटही हलतं आणि त्याला जागा लागते. कमरेखाली कापड पिशवीसारखं ढगळ सोडा. बाळानं गुडघे वर घेऊन बाजूला टाकले तर ते अडता कामा नयेत. पिन नको. कापड गालाला घासत असेल तर बाळ दूध शोधत तोंड वळवत राहतं, आणि सैल कड नाकावर येण्याची भीती असते ती वेगळीच.

बांधलेलं बाळ झोपवायचं ते उताणंच. इथे आजीची एक रास्त काळजी असते: उताण्या बाळाच्या नाकातोंडात उलटी गेली तर? बाळ उताणं असताना श्वासनळी वर आणि अन्ननळी तिच्या खाली असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध श्वासनळीत जायला चढावं लागतं. पालथ्या बाळात नेमकं उलट होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पालथं झोपवू नका हा सल्ला १९९२ साली दिला, १९९४ मध्ये त्याची देशव्यापी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. २०१६ साली चार अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा गुंडाळून पालथं झोपवलेल्या बाळांना सर्वांत जास्त धोका असल्याचं दिसलं. कुशीवर ठेवलेल्यांचा क्रम त्यानंतरचा. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला चेहरा सोडवून घेता येत नाही, शिवाय गुंडाळल्यामुळे त्याची झोपही गाढ झालेली असते. म्हणून अंथरूण सपाट आणि घट्ट असावं, आणि मोहरीची उशी, लोड, जाड रजई, खेळणी, गळ्यातला काळा दोरा हे सगळं झोपेच्या वेळी दूर असावं.

खांदेश्वरची हवा हा आणखी एक मुद्दा. इथे मे महिन्यात घामानं अंग चिकट होतं, आणि पावसाळ्यात दुपटी तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तरीही बाळ आलं की पंखा बंद, खिडक्या बंद, कानटोपी, पायमोजे आणि वर शाल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बाळाला क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्रात गुंडाळून तशाच वस्त्राच्या अंथरुणावर निजवायला सांगितलं आहे, आणि लगोलग बोर, कडुनिंब अशा झाडांच्या डहाळ्यांनी त्याला वारा घालायलाही. चरकसंहितेत बाळाचं अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं आणि स्वच्छ असावं, घाम-मूत्राचं वस्त्र टाकून द्यावं किंवा धुऊन नीट सुकवून वापरावं, असं आहे. जुनं ते सांभाळायचं तर हेही सांभाळावं. पंख्याचा झोत थेट अंगावर नको, पण हवा खेळती हवी. आपल्या अंगावर जितके कपडे आहेत त्याहून बाळाला फार तर एक थर जास्त, आणि दुपटं हा त्यातलाच एक थर. ओलसर दुपटं इस्त्री करून पुरतं कोरडं करून घ्यावं. बाळाच्या मानेला मागून हात लावा. घाम असेल तर एक थर काढा. उलट पोट गरम आणि तळवे गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागलं तर ते धोक्याचं लक्षण.

ऊब किती मोलाची असते हे महाराष्ट्राला गडचिरोलीनं शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत, थोड्याशा शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, आणि कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवून आईचं दूध मिळतंय हे पाहणं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले; हा अभ्यास १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशाताई बाळाच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दोन किलोचं बाळ आणि गडचिरोलीची हिवाळ्यातली रात्र, तिथे पांघरूण जीव वाचवतं. तीन किलोचं पूर्ण दिवसांचं बाळ आणि खांदेश्वरचा मे महिना, तिथे तेच पांघरूण त्याला उकडून काढतं. एकाच घरातल्या दोन बाळांनाही एकच नियम लावता येत नाही. आशाताई आल्या की त्यांच्यासमोर दुपटं बांधून दाखवा, त्यांना बघू द्या.

आणि थांबायचं कधी? बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करताना दिसलं, की त्याच दिवसापासून. कुणाचं हे दुसऱ्या महिन्याच्या शेवटी होतं, कुणाचं चौथ्या महिन्यात. वाट पाहून एकदा पालथं पडू द्यायचं नाही. दोन-तीन रात्री एक हात बाहेर ठेवा, मग दोन्ही. सुरुवातीला झोप मोडेल, चिडचिड होईल, ती आठवडाभरात ओसरते.

अगदी नवं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं. घट्ट बांधून चार-चार तास निजलेल्या बाळाचं दूध चुकतं आणि वजन अडतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत तीन तास झाले की दुपटं सोडून त्याला उठवावं. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा श्वास भरभर चालला असेल, तर आणखी कपडे गुंडाळत घरी बसू नये. त्याला उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर घ्यावं, डोक्याला टोपडं घालावं, दोघांवरून पदर किंवा शाल लपेटावी, तोंड मोकळं ठेवावं आणि तसंच रिक्षात बसून पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठावा.