बारा गावचा बर्फ

डेट्रॉइट, अ‍ॅनाहाइम, व्हँकूव्हर, फिलाडेल्फिया, टॅम्पा बे, फ्लोरिडा, ओटावा, कोलंबस, फीनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल आणि न्यूयॉर्क आयलंडर्स. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही बर्फावरच्या हॉकीची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्यात या बारा संघांची जर्सी एकाच माणसानं घातली. त्याचं नाव माइक सिलिंजर, राहणारा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरातला. १९९० ते २००९ या काळात १७ हंगाम, १०४९ सामने, २४० गोल. शतक ओलांडलेल्या या लीगमध्ये इतक्या संघांकडून खेळण्याचा विक्रम त्याच्याच नावावर आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हा नक्कीच कुणाला नकोसा झालेला खेळाडू असणार. पण नकोशा खेळाडूला एक हजार सामने कोण खेळवेल? या लीगमध्ये हजाराचा टप्पा मोजकेच खेळाडू गाठतात, आणि गाठला की चांदीची हॉकी स्टिक मिळते. हा माणूस एका जागी टिकला नाही, पण लीगमध्ये मात्र भक्कम टिकून राहिला. हे जमतं कसं, हे शोधत गेलं की सगळा खेळच आतून उलगडत जातो.

सुरुवात १९८९च्या ड्राफ्टपासून करावी लागते. ड्राफ्ट म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या संघांनी क्रमानं तरुण खेळाडू निवडायचे, एकानं नाव घेतलं की इतरांचा हक्क संपला. त्या वर्षी डेट्रॉइट रेड विंग्जनं पहिल्या फेरीत, एकूण ११व्या क्रमांकावर सिलिंजरला घेतलं. तिसऱ्या फेरीत त्यांनी स्वीडनचा निक्लस लिडस्ट्रॉम निवडला आणि चौथीत सोव्हिएत संघाचा सर्गेई फेडोरोव्ह. पुढे लिडस्ट्रॉम सार्वकालिक महान बचावपटूंमध्ये गणला गेला. २० हंगाम तो खेळला आणि सगळेच्या सगळे डेट्रॉइटकडून. एकाच दिवशी, एकाच संघानं निवडलेली ही दोन मुलं. आधी नाव पुकारलं गेलं त्याला बारा संघ लाभले आणि नंतर पुकारलं गेलं त्याला एक.

यात सिलिंजरच्या गुणवत्तेचा दोष शोधू नये. तो सेंटर होता, म्हणजे आघाडीच्या तिघांतला मधला. सामन्यासाठी संघाचे २० खेळाडू तयार असतात, त्यांतले दोन गोलरक्षक. उरलेल्या अठरांपैकी बारा आघाडीचे, आणि त्यांच्या तिघातिघांच्या चार तुकड्या. वेग इतका असतो की एक तुकडी साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि बाकावर परतते, तोवर दुसरी कुंपण ओलांडून बर्फावर उतरलेली असते. चार तुकड्या म्हणजे सेंटरच्या जागा चारच. डेट्रॉइटमध्ये पहिल्या दोन जागांवर कर्णधार स्टीव्ह आयझरमन आणि फेडोरोव्ह बसलेले. उरलेल्या दोन जागांसाठी रांग, आणि त्या रांगेत क्रिस ड्रेपर, ज्याला डेट्रॉइटनं विनिपेगकडून अवघ्या एका डॉलरला मिळवलं होतं आणि जो पुढे तिथलाच होऊन गेला. एप्रिल १९९५मध्ये सिलिंजरला अ‍ॅनाहाइमला धाडलं गेलं. दोन वर्षांनी डेट्रॉइटनं स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, जिंकला. सिलिंजरच्या हाती तो कप कधीच आला नाही.

आता हे ‘धाडणं’ समजून घेऊ. आयपीएलचा लिलाव ठरलेल्या दिवशी होतो, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असतो. एनएचएलमध्ये ऐन हंगामात, कुठल्याही सकाळी फोन येऊ शकतो. याला ट्रेड म्हणतात. त्यात खेळाडूचा करारच एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो: पगार तोच, मुदत तीच, बदलतं ते गाव. करारात तसं संरक्षण देणारं कलम नसेल तर खेळाडूची संमती विचारली जात नाही. सिलिंजर बारापैकी नऊ संघांत असाच पोचला. डेट्रॉइटनं त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं होतं, आणि कोलंबस व आयलंडर्स हे दोनच संघ त्यानं स्वतः निवडले.

त्याच्या ट्रेडच्या तारखा लावून बघितल्या की मार्च महिना पुन्हा पुन्हा येतो. मार्च १९९६ व्हँकूव्हर, मार्च २००० फ्लोरिडा, मार्च २००१ ओटावा, मार्च २००४ सेंट लुइस. हंगाम संपत आला की ट्रेडची मुदत संपते. त्याआधी बाद फेरीची आशा असलेले संघ आपली एखादी उणीव भरून काढायला धडपडतात आणि आशा सोडलेले संघ पुढच्या वर्षांसाठी साठवण करतात. या घाईत सर्वांत जास्त मागणी असते ती अनुभवी, कमी खर्चाच्या आणि आल्या दिवशी कामाला लागणाऱ्या माणसाला. मोबदल्यात काय मिळे? कधी दुसरा खेळाडू, कधी ड्राफ्टमधल्या एका निवडीचा हक्क, म्हणजे अजून निवडलाही न गेलेला कुणी मुलगा. ओटावाला जाताना तर मोबदला ‘पुढे बघू’ या बोलीवर ठरला होता.

आणि मग २२ जुलै २००३. कोलंबसनं त्याला डॅलसला दिलं, बदल्यात डॅरिल सिडोर घेतला. त्याच दिवशी डॅलसनं त्याला फीनिक्सला दिलं आणि टेप्पो नुमिनेन घेतला. डॅलस हा त्याचा कागदावरचा तेरावा संघ. त्याची जर्सी अंगाला लागलीच नाही. घरात तेव्हा दोन महिन्यांचं बाळ होतं, मे महिन्यात कोलंबसमध्येच जन्मलेलं. त्या बाळाचं नाव कोल. २३ जुलै २०२१ रोजी, म्हणजे अठरा वर्षं आणि एका दिवसानंतर, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये १२व्या क्रमांकावर कोल सिलिंजरचं नाव पुकारलं गेलं. पुकारणारा संघ होता कोलंबस! आणि त्याच हंगामात, अठराव्या वर्षी, तो त्या संघाकडून खेळूही लागला. योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन धजत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

सिलिंजरच्या बारा संघांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती विक्रमापेक्षा मोठी वाटते. १९८९मध्ये त्याची निवड झाली तेव्हा लीगमध्ये २१ संघ होते. अ‍ॅनाहाइम, टॅम्पा बे, फ्लोरिडा, ओटावा, कोलंबस आणि नॅशव्हिल हे सहा संघ तेव्हा एनएचएलमध्ये नव्हतेच, आणि फीनिक्सचा संघ अजून विनिपेगमध्ये होता. २०००पर्यंत संघ झाले ३०. थंड प्रदेशातला हा खेळ दक्षिणेकडे, उन्हाच्या गावांकडे सरकत होता. नव्या संघांची मोट बांधताना जिथे भगदाड पडे, तिथे सिलिंजरसारख्याला बोलावणं जाई. लीग पसरत गेली म्हणूनच अशा कारकिर्दीला जागा निर्माण झाली.

या उन्हाच्या गावांत बर्फ टिकतो तरी कसा? रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, पण बर्फाची जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच. त्याखाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये मैलोन्‌मैल नळ्या, आणि नळ्यांतून शून्याच्या बरंच खाली थंड केलेलं द्रावण अखंड फिरत असतं. क्षार मिसळलेले असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही, वरची उष्णता मात्र ओढून नेतं. पाणी एकदम ओतत नाहीत, पातळ थरावर थर चढवतात. मध्येच एकदा पांढरा रंग फवारतात, रेषा आणि वर्तुळं रंगवतात आणि त्यावर पुन्हा पाणी गोठवतात. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या रेषा बर्फावर नसतात, बर्फात असतात. दमट हवेत हा थर लवकर मऊ पडतो, खेळातली चकती, म्हणजे पक, उसळ्या घेते. दरवर्षी नव्या गावच्या बर्फाशी जुळवून घेणं हेही या माणसाच्या नोकरीचाच भाग होतं.

पण गावोगावी त्याला बोलावत होते ते मुख्यतः फेस-ऑफसाठी. खेळ थांबला की तो फेस-ऑफनंच सुरू होतो, एका सामन्यात साधारण साठ वेळा. दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात. मध्ये पंच. त्याच्या हातात पक, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, कडक रबराची चकती, उसळू नये म्हणून आधीच गोठवलेली. त्या काळच्या नियमानं पाहुण्या संघाच्या सेंटरनं स्टिक आधी टेकवायची, म्हणजे यजमानाला क्षणभर जास्त मिळे. अनुभवी सेंटर समोरच्याच्या स्टिकवरची पकड बघतो. खालचा हात उलटा धरला असेल तर तो पक मागे ओढणार. मग नजर पंचाच्या हातावर खिळते, कारण पक दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. पक सुटते, दोन पाती आदळतात, एखादा सेंटर समोरच्याची स्टिक आधी उचलतो आणि पायानं पक मागे सारतो. सगळं निमिषार्धात. घाई केली तर पंच हुसकावून लावतो आणि दुसऱ्याला यावं लागतं.

हा क्षण छोटा दिसतो, पण संघ एका गोलनं पुढे असताना, शेवटच्या मिनिटात, स्वतःच्या गोलजाळ्याशेजारी फेस-ऑफ पडला तर सगळा सामना त्यावर लटकलेला असतो. तिथे प्रशिक्षक सिलिंजरला पाठवत. संघातल्या कुणाला शिक्षा होऊन दोन मिनिटं एक माणूस कमी पडला, तरी त्यालाच. १९९७-९८पासून लीग फेस-ऑफची अधिकृत मोजणी करू लागली आणि डोळ्यांना जाणवणारं हे कसब आकड्यांतही दिसू लागलं. चौतिसाव्या वर्षी, सेंट लुइस आणि नॅशव्हिल अशा दोन संघांत विभागलेल्या हंगामात, त्यानं ३२ गोल केले, कारकिर्दीतले सर्वाधिक. फिरस्तीनं माणूस झिजतो असं आपण धरून चालतो. याचा खेळ मात्र अनेक प्रशिक्षकांच्या, अनेक पद्धतींच्या हाताखाली घडत घडत शेवटी बहरला.

२००६च्या उन्हाळ्यात आयलंडर्सनं पस्तिशीतल्या सिलिंजरशी तीन वर्षांचा करार केला. पुढच्याच हंगामात २६ गोल झाले, हजारावा सामनाही याच संघात असताना झाला. मग कमरेच्या सांध्यानं दगा दिला आणि २००९मध्ये तो थांबला. त्यानंतर एडमंटन ऑयलर्सनं त्याला तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचं काम दिलं. ड्राफ्टमध्ये निवडली गेलेली, पण मुख्य संघात अजून जागा नसलेली मुलं त्याच्या हाताखाली आली.