बांध गेले, पुनर्नवा कोठून आणावी?

औषधी द्रव्यांच्या टंचाईचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात जंगलांची चर्चा होते. सर्पगंधा, अशोक, गुग्गुळ यांची नावे घेतली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु वैद्यांच्या नित्य व्यवहारातील पुनर्नवा, गोक्षुर, अपामार्ग, भृंगराज, भूम्यामलकी, कंटकारी ही द्रव्ये मुख्यतः शेताच्या बांधावर, पडीक तुकड्यात आणि पाटाच्या कडेला उगवतात. शहर वाढू लागले की सर्वप्रथम हीच भूमी नाहीशी होते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पुण्याचे उदाहरण पाहावे. हडपसर येथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून मगरपट्टा नगर उभारले. मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या भातखाचरांवर माहिती तंत्रज्ञान उद्याने आली. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही त्यांपैकीच. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचे मोल घ्यावे, याविषयी आमची तक्रार नाही. मगरपट्ट्यात तर तो स्वतःच भागीदार झाला. परंतु जमीन बिगरशेती होते तेव्हा सातबाऱ्यावरील ऊस किंवा भात गेल्याची नोंद राहते. बांधावरची घेटुळी आणि पाटाकाठचा माका गेल्याची नोंद कोठेही होत नाही. त्यांचा मालक कोणी नव्हताच. त्या उपटून, वाळवून बाजारात आणणारी माणसे मात्र होती. बांध संपले की तीही अन्य कामाला लागतात, आणि त्यांच्याबरोबर वनस्पतीची ओळखही जाते. पुनर्नवेच्या नावाखाली दिसण्यात जवळची ट्रायन्थेमा बाजारात येते, त्यामागे हेही एक कारण आहे असे आम्हांस वाटते.

जी शेती शहरालगत उरते, तिचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. खड्डे, वारुळे, स्मशान, वधस्थान यांनी दूषित झालेली भूमी औषधीग्रहणासाठी वर्ज्य मानलेली आहे. आजच्या वैद्याने त्या यादीत सांडपाण्याचा नाला आणि महामार्गाची कड यांची भर घालावयास हवी. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री भारतात २००० साली थांबली, तथापि मातीत उतरलेले शिसे सहजी निघून जात नाही. मुळांनी शोषलेले शिसे व कॅडमियम धुण्याने जात नाहीत. वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा मर्यादा आहेत. माल मर्यादेबाहेर निघाला तर दोष मातीचा असला तरी जबाबदारी औषधनिर्मात्याचीच.

पथ्याचेही तेच. संसर्जनक्रमातील पेया-विलेपीसाठी मुळशी-मावळातील आंबेमोहोर सुचविणारे वैद्य पुण्यात पुष्कळ आहेत. त्याची खाचरे घटत चालली असताना त्या नावाने मिळणारा सर्वच तांदूळ तेथलाच असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

फार्मसीचालकांनी काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. कच्च्या मालाच्या नोंदवहीत व्यापाऱ्याच्या नावापुढे गावाचे नाव आणि संकलनाचा महिना लिहून घ्यावा. व्यापारी प्रथम टाळाटाळ करील. दोन-तीन फार्मस्यांनी एकत्र आग्रह धरला तर देईल. पुनर्नवा, भृंगराज, भूम्यामलकी यांना शेतात स्वतंत्र वाफा मिळू शकतो. मात्र पेरणीपूर्वी खरेदीचा भाव लेखी ठरला तरच शेतकरी त्यासाठी जागा देईल. उसाच्या तुलनेत त्याला नुकसान होऊ नये, इतका भाव द्यावा लागेल, आणि चूर्णाची किंमत त्यामुळे वाढेल. जेथे हे होत नसेल तेथे शहरापासून दूरच्या तालुक्यातील माल घ्यावा, आणि पहिल्या गोणीचा नमुना जड धातूंच्या तपासणीस पाठविल्याशिवाय उरलेल्या गोण्यांचे पैसे चुकते करू नयेत.